पेव्हरखालचा राडारोडा

जुनं घर पाडायचं कंत्राट घेणारा माणूस दारात उभा राहिला की त्याची नजर आधी वर जाते. तुळया सागवानी आहेत का, वाशांना वाळवी लागली आहे का, कौलं मंगळुरी आहेत की गावठी, चौकटी सुट्या निघतील का, शहाबादी फरशी अखंड उपटता येईल का, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात पाच मिनिटांत होतो. मालकाकडे पैसे मागायचे की उलट मालकालाच द्यायचे, हे त्यावरच ठरतं. लोखंड भंगारात जातं, लाकूड वखारीत, कौलं कुणाच्या तरी गोठ्यावर. ज्याला भाव आहे ते कुणी न सांगता वेगळं निघतं. ज्याला भाव नाही ते तेवढं उरतं: विटांचे तुकडे, स्लॅबचं डबर, गिलावा, जांभ्याचे फुटके चिरे, भिंतीची माती. ते ट्रॉलीत भरून अंधार पडल्यावर नाल्याकाठी किंवा पडीक खाणीच्या खड्ड्यात रिकामं केलं जातं. आणि त्याच सुमारास त्याच गल्लीत पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ब्लॉक, बसवायचे म्हणून डोंगर फोडून केलेली नवी कोरी खडी टिप्परने येते.

हा उफराटा कारभार थांबवता येईल. राडारोडा फोडून, चाळून, भिजवून, रोलरने दाबून गल्लीबोळांच्या फरसबंदीखाली घालायला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी यांपैकी एकाही ठिकाणी तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती वेगळं काढण्याची. माल चांगला निघतो की वाया जातो हे क्रशरवर ठरत नाही. घर पाडताना, मालकाच्या दारातच ते ठरून गेलेलं असतं. तेव्हा पैसे तिथे वेगळं काढणाऱ्याला मोजले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी पेव्हरबद्दल. गेल्या काही वर्षांत देवळासमोर, बोळात, फुटपाथवर, शाळेच्या आवारात जिथे तिथे पेव्हर आले. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव लागलं, त्यानंतर तर विचारूच नका. त्याबरोबर तक्रारही आली: एक पावसाळा गेला की ब्लॉक खचतात, हलतात, पाय पडला की खालचं गढूळ पाणी कपड्यांवर उडतं. लोक ब्लॉकला नावं ठेवतात. ब्लॉक बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. खचलेल्या जागी पहारीने एक ब्लॉक उचकटून पाहा. खाली कचखडीचा चांगला चार-पाच बोटं जाडीचा थर लागतो, आणि त्याच्याखाली लगेच ओली माती. मधला थर, ज्यावर सगळं उभं राहायचं तो, एक तर नाहीच किंवा नावापुरता टाकलेला.

नियमाप्रमाणे ब्लॉकखालची वाळू किंवा कचखडी २० ते ४० मिलिमीटरच हवी. ती फक्त ब्लॉक सारखे बसावेत म्हणून असते, भार घ्यायला नव्हे. भार घ्यायचा तो खालच्या खडीच्या थराने, म्हणजे बेसने. चाकाचं वजन पसरवून मातीपर्यंत हलकं करून पोचवायचं आणि सांध्यातून मुरलेलं पाणी अडवून न ठेवता बाजूला जाऊ द्यायचं, ही त्याची दोन कामं. त्यासाठी मोठे, मध्यम, बारीक असे सगळ्या मापांचे तुकडे ठरावीक प्रमाणात लागतात, म्हणजे मोठ्यांमधल्या फटी बारीक भरून काढतात आणि रोलर फिरला की सगळं एकमेकांत अडकून बसतं. तुकडा खाणीतल्या काळ्या दगडाचा आहे की कुणाच्या पाडलेल्या स्लॅबचा, हे चाकाला कळत नाही. तो किती कणखर आहे आणि त्यात माती किती आहे, एवढंच कळतं.

म्हणून राडारोड्याची सरसकट बाजू घेण्यात अर्थ नाही आणि सरसकट नाक मुरडण्यातही नाही. राडारोड्यातही जाती आहेत. स्लॅब, कॉलम, बीम फोडून निघतं ते काँक्रीट सर्वांत उत्तम. त्याच्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, त्यामुळे ती ताज्या खडीपेक्षा हलकी असते आणि पाणी जास्त पिते. पण तुकडे धारदार असतात, एकमेकांत घट्ट अडकतात. शिवाय जुन्या सिमेंटचा काही भाग पाण्याशिवाय तसाच राहून गेलेला असतो. फोडल्यावर तो उघडा पडतो आणि भिजवून दाबलेला थर हळूहळू थोडा आवळत जातो. ताज्या खडीला हे जमत नाही. फक्त पाणी मारताना हात आखडता घेऊन चालत नाही. हा माल रोलरखाली जाण्याआधी पोटभर पाणी प्यायलेला असावा लागतो, नाहीतर दाबताना लागणारं पाणी तोच शोषून घेतो आणि थर भुसभुशीत राहतो. राडारोड्याचा थर बसत नाही असं सांगणाऱ्या ठेकेदारांपैकी किती जणांनी तो आदल्या दिवशी भिजवला होता, हे विचारून पाहायला हवं.

विटांचं वेगळं. खानापूरच्या मातीची विटा-कौलांसाठी ख्याती आहे, आणि नीट भाजलेली लालभडक वीट फोडली तर खालच्या थराला चालून जाते. बंगालमध्ये आणि बांगलादेशात दगड मिळत नाही तिथे विटा फोडूनच रस्त्यांची खडी करतात, पिढ्यान्‌पिढ्या. पण भट्टीच्या कडेची पिवळट, अर्धी कच्ची वीट पाण्यात गेली की तिचा चिखल होतो. जांभ्याची गत तिच्यासारखीच: चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकेल, पण क्रशरमध्ये घातलात तर निम्मा भुगा होऊन बाहेर येईल. त्याला मुरमाच्या जागी वापरावं, खडीच्या नव्हे. आणि आपल्या गावांतल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती? त्या बेसमध्ये घालायच्याच नाहीत. जोत्याच्या भरावात घाला, शेतात घाला, कुठेही घाला, पेव्हरखाली नको.

मातीचा एवढा बाऊ का, तर पावसात तीच सगळा घात करते. रस्त्याच्या सबबेससाठी, म्हणजे बेसच्याही खालच्या थरासाठी, सरकारी निकष आहेत. चाळणीतून गळणाऱ्या बारीक भागाचा द्रवांक २५ च्या आत, सुघट्यता निर्देशांक ६ च्या आत आणि थराची भारक्षमता सांगणारा सीबीआर किमान ३० टक्के. ही प्रयोगशाळेची भाषा झाली. गल्लीतल्या माणसाला काचेची बरणी पुरते. आलेल्या मालातला बारीक भाग तिसरा हिस्सा भरा, वर पाणी ओता, झाकण लावून खसाखसा हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. खडे लगेच तळाला जातात, वाळू मिनिटभरात. पाणी मात्र तासाभरानेही चहाच्या रंगाचं राहिलं आणि वर गुळगुळीत साय धरल्यासारखा जाड मातीचा थर बसला, तर तो टिप्पर आल्या पावली परत पाठवावा. या चाचणीवर बिल अडवता येत नाही, पण इंजिनिअरला प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागायला तोंड मिळतं.

माती निदान डोळ्याला दिसते. न दिसणाऱ्या दोन गोष्टी जास्त वाईट. एक, सिमेंटचे पत्रे. गोठ्यावर, माळ्यावर, न्हाणीघरावर घातलेल्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड आहे तोवर फारसा त्रास नाही. तो क्रशरमध्ये फुटला की त्याचे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊन बाहेर येतात. क्रशरवर काम करणाऱ्या बायामाणसांच्या नाकातोंडात ते पहिल्यांदा जाणार. दुसरी गोष्ट पीओपी. फॉल्स सीलिंगची फॅशन आता निपाणी-चिकोडीच्या बंगल्यांतही पोचली आहे, आणि पीओपी म्हणजे जिप्सम. ओलाव्यात त्यातलं सल्फेट सिमेंटशी झगडतं, फुगतं आणि वरचं सगळं उचलतं. या दोन्ही गोष्टी एकदा दळल्या गेल्या की कुठल्याही चाळणीने वेगळ्या निघत नाहीत. छत उतरवतानाच त्या बाजूला ठेवाव्या लागतात. वेगळं काढण्याचे पैसे पाडकाम करणाऱ्याला मोजा म्हणतो ते याचसाठी.

माल पुरेल का, अशी शंका काही जण काढतात. थोडं गणित करू. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद गल्ली, दाबून १५० मिलिमीटर जाडीचा बेस. झाले ६० घनमीटर, म्हणजे अंदाजे ११५ ते १२० टन माल. पक्की किंवा निमपक्की इमारत पाडली की दर चौरस मीटर बांधकामामागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो, असा टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा ठोकताळा आहे. शंभर चौरस मीटरचं घर धरलं तर ३० ते ५० टन. म्हणजे तीन-चार घरं पाडली की एका गल्लीचा बेस निघतो. माती आणि नको ते काढून टाकलं तर पाच घरं धरा. बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीत जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठताहेत, रुंदीकरणात ओट्यांसकट दर्शनी भिंती गेल्या, महामार्गाच्या कडेची बांधकामं गेली. मालाला तोटा नाही.

आणि २०१९ चा ऑगस्ट. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम फुगल्या आणि जिल्ह्यात घरंच्या घरं बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाख जाहीर केले. ते कुणाला मिळाले, कुणाला नाहीत, कुणाचा पंचनामा कुठे अडकला, त्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि चालायलाच हवी होती. पण पडलेल्या घरांचं काय करायचं, त्यातला दगड-विटा-काँक्रीट गावाच्याच रस्त्याला लावायची सोय होईल का, हा प्रश्न कुणी कागदावर आणल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बेचिराख झालेली शहरं त्यांच्याच ढिगाऱ्यातून उभी केली गेली. विटा हाताने साफ केल्या, उरलेलं दळून पुन्हा बांधकामात घातलं. आपल्याकडे २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

कायद्याने वाट अडवलेली नाही, उलट मोकळी केली आहे. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे नियम केंद्राने २०१६ च्या मार्चमध्ये काढले. महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा, आणि पालिकांनी व सरकारी खात्यांनी आपल्या कामांत १० ते २० टक्के माल या कचऱ्यापासून केलेला वापरायचा, असं त्यात होतं. त्याच वर्षी खडी-वाळूचं भारतीय मानक, आयएस ३८३, सुधारलं आणि पुनर्वापराच्या खडीला त्यात अधिकृत जागा मिळाली. २०१७ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांसाठी खास मार्गदर्शिका काढली, आयआरसी १२१. दिल्लीत बुराडीचा प्रकल्प २००९ पासून हेच करतो आहे. हे चालतं का, असं आता विचारणाऱ्याला हे कागद वाचायला द्यावेत.

२०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात बिल्डरवर जबाबदारी टाकली आहे, किती टक्के माल पुन्हा वापरात आणायचा त्याची उद्दिष्टं आहेत. चांगलं आहे. पण ही जबाबदारी लागते ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना. एवढ्या मोठ्या इमारती बेळगावात हाताच्या बोटांवर, निपाणी-खानापुरात शोधाव्याच लागतील. आपला राडारोडा निघतो घराघरातून, दोन ट्रॉल्या इथून, चार तिथून. बंगळूर-दिल्लीच्या मापाने शिवलेला हा सदरा आपल्या अंगावर लोंबतो. लहान घरांच्या पाडकामाचा बंदोबस्त इथल्या नगरपालिका आणि पंचायतींनाच करावा लागेल.

कसा? मोठा प्रकल्प बेळगावात उभारून सगळ्या जिल्ह्याचा माल तिथे आणण्याची कल्पना फाइलमध्ये छान दिसेल. निपाणीहून ७०-७५ किलोमीटर राडारोडा वाहून आणायचा आणि खडी करून तेवढ्याच अंतरावर परत न्यायची, तर सगळा फायदा डिझेलमध्ये जळाला. ट्रेलरवरून फिरवता येणारा क्रशर आणि चाळणी असा संच तालुक्यातालुक्यात महिना-दोन महिने थांबावा, तोवर लोकांनी माल एका ठरलेल्या कुंपणबंद जागी आणून टाकावा. पडक्या खाणी आहेतच. गल्लीच्या तोंडाशी मात्र क्रशर नको. धूळ आणि कर्कश आवाज याने लोकांचं मत पहिल्याच दिवशी फिरेल. आणि माल आणणाऱ्या ट्रॉलीवाल्याला, नुसतं काँक्रीट वेगळं आणलं तर इतके रुपये, वीट आणली तर तितके, मिसळ आणली तर उलट त्यानेच भरायचे, असा फलक तिथे लावावा. बाकी जनजागृतीची पत्रकं छापायची गरज पडणार नाही. सागवानी चौकट कुणाच्या जनजागृतीने वखारीत जात नाही.

एक अडचण मात्र बारीक दिसते आणि खरी तीच आडवी येते. खाणीतल्या खडीवर रॉयल्टी असते. ठेकेदाराने परमिट दाखवलं नाही तर बिलातून रक्कम कापली जाते. राडारोड्याची खडी खाणीतून निघालेलीच नाही, तेव्हा तिला परमिट कुठलं? कारकुनाला मात्र फाइलला लावायला कागद लागतो. म्हणून क्रशरच्या जागेवरून निघणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर वजनाची आणि मालाच्या प्रतीची पावती मिळाली पाहिजे आणि ती रॉयल्टीच्या परमिटाऐवजी चालेल असा आदेश हवा. एवढ्या एका ओळीअभावी प्रामाणिक ठेकेदारही नवीन खडीच आणेल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

आता खरा आक्षेप. 'जुना माल आमच्याच गल्लीत का' ही कुरकूर मी फार मनावर घेत नाही. त्याच माणसाने घर बांधताना जुन्या चौकटी हौसेने बसवलेल्या असतात. खडी मशीनवाल्यांचा धंदा बसेल, ही भीतीही अतिशयोक्त आहे. डांबरी रस्त्यांना, महामार्गाला, स्लॅबला काळ्या दगडाची खडी लागतच राहणार. पण एका गृहस्थांनी मला विचारलं ते वेगळं होतं: 'अहो, आत्ता चोरून राडारोडा टाकतात, निदान पकडला तर बोलता येतं. तुम्ही त्याला परवानगी दिलीत की मातीसकट सगळं ओततील आणि म्हणतील, नियमात आहे.' याला हसून उत्तर देता येत नाही. इथे कामाचा दर्जा कसा राखला जातो हे आपण सगळे जाणतो.

माझ्या मते यावर इलाज एकच, मालाचं नाव पाहून पैसे न देता थराचं माप आणि चाचणी पाहून द्यायचे. नवी खडी असली तरी माती मिसळून येऊ शकते, ती येतेच. बेस दाबून झाला की ब्लॉक बसवण्याआधी गल्लीत दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा खणावा, पट्टी लावून जाडी मोजावी, नमुना पोत्यात भरून प्रयोगशाळेत पाठवावा, आणि हे त्या गल्लीतल्या माणसांसमोर व्हावं. मोजमापाच्या वहीवर त्यांच्यापैकी दोघांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या गल्ल्यांत माणसांची कमतरता नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीचा नि गणपतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिणारी मंडळं आहेत. त्यांनी एक टेप हातात घ्यायचा आहे. जाता जाता, मांडवाचे खांब पेव्हरमध्ये ठोकून नंतर त्या भोकात माती कोंबायची सवयही त्यांनीच सोडायला हवी. ब्लॉक उचलून खांब रोवावा, काढल्यावर खडी भरून धुमुसाने ठोकून तोच ब्लॉक परत बसवावा. पेव्हरचा फायदाच तो आहे, पाण्याच्या नळासाठी, केबलसाठी, मांडवासाठी उघडता येतो.

काळ्या मातीचा पट्टा मात्र वेगळा विचार मागतो. अथणी, कागवाड, चिकोडीच्या पूर्वेला जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिथे वरचा थर कितीही उत्तम घातला तरी खालून तो उचलला जाणारच. आधी काळी माती पुरेशी काढून मुरूम भरावा लागतो, किंवा चुना मिसळून तिला स्थिर करावं लागतं. राडारोड्याने ते काम होत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. उलट टोकाला खानापूरचं कणकुंबी-जांबोटी, तिथल्या पावसात पाण्याला वाट देणारा थर हवा, म्हणजे बारीक भुगा जवळजवळ शून्य. सुरुवात या दोन्ही टोकांना करू नये. मधल्या भागात, बेळगाव तालुका आणि निपाणीच्या बाजूला, जिथे मुरमाड जमीन आहे आणि अवजड गाड्या येत नाहीत अशा जागा निवडाव्यात: बोळ, शाळांची पटांगणं, स्मशानाच्या वाटा, आठवडी बाजाराची जागा. दोन पावसाळे पाहू द्यावेत.

महाराष्ट्राच्या बाजूला शिनोळी, चंदगड, कागल आहेत, आणि तिथेही हेच केंद्रीय नियम लागू आहेत. इकडची बेळगाव, निपाणी, खानापूर ही गावं कोणत्या राज्याची, हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्यांच्या गल्ल्यांखाली काय घालायचं, त्याला कुठल्याही कोर्टाची स्थगिती नाही. निपाणीचा क्रशर कागलला आठ दिवस गेला तर बिघडणार काही नाही.

राहता राहिला वेळ. आपल्याकडे अशी कामं निघतात ती मार्चअखेरीला, निधी परत जाण्याच्या धास्तीने. सकाळी खडी, दुपारी ब्लॉक, संध्याकाळी फोटो. भिजवायला, दाबायला, खड्डे खणून मोजायला त्यात जागाच उरत नाही. बेस दाबल्यावर ब्लॉक बसवण्याआधी मोजणी आणि चाचणीसाठी सात दिवस सोडायचे, ही अट ठेकेदाराला मार्चमध्ये ऐकवून उपयोग नाही. ती दर, जाडी आणि मालाच्या प्रतीसकट टेंडरमध्येच छापलेली असली पाहिजे, आणि टेंडरं निघतात दिवाळीनंतर. नगरसेवकाच्या, पंचायत सदस्याच्या दारात जायचं ते तेव्हा.